बास्योड्याच्या दिवशीची सिगडी

जयपूरला मी दोघांना भेटायला निघाले होते: धाकट्या भावाला, श्रीधरला, आणि माझ्या डाव्या मूत्रपिंडाला. विलायतेत शिकत असताना त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. मी तेव्हा नवऱ्यासोबत तिथेच होते, म्हणून माझं एक त्याला देता आलं. तिथल्या डॉक्टरांनाही ही शस्त्रक्रिया नवीच होती. आता श्रीधरची स्वारी जयपूरच्या कॉलेजात शिकवत होती.

सवाई माधोपूरला उतरून छोट्या रुळांची गाडी पकडली. जयपूरला टांगा चांदपोल दरवाजातून आत शिरला आणि तो गेरू रंगाचा रस्ता असा सरळ उलगडला, की मी टांगेवाल्याला घोडा हळू हाकायला सांगितलं. इतकं शिस्तीचं शहर पुण्यात राहून कधी पाहिलं नव्हतं!

गोळ्यांनी श्रीधरचा चेहरा चांगलाच गोल झाला होता. शरीराने परक्या मूत्रपिंडाला हुसकावू नये म्हणून या गोळ्या त्याची लढायची ताकदच दाबून ठेवतात. म्हणून त्या एकदाही चुकवायच्या नाहीत आणि शिळंपाकं खायचं नाही. साधा जंतूही जिवावर बेततो.

दोन दिवस मजेत गेले. मग उजाडला बास्योडा (शीतला देवीचा सण, या दिवशी घरात विस्तव पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं थंड अन्न खातात). खाली राहणाऱ्या घरमालकीण मांजी पुए (तळलेल्या गोड पुऱ्या) आणि राबडी (ताकात शिजवलेलं बाजरीचं पीठ) ठेवून गेल्या. गुळाचा पुआ थंड असूनही काय चवीचा होता! तेवढ्यात श्रीधरनेही हात पुढे केला.

"थांब, शिळं आहे ते."

"मग उपाशी राहतो. त्यांच्या घरात त्यांचा नेम कसा मोडू? रिकाम्या पोटी गोळ्या सोसत नाहीत, त्या उद्या घेईन. एका दिवसाने काय होतंय, ताई?"

माझं डोकंच फिरलं. "तुला काही वाटत नसेल रे! पण आत आहे ते माझं आहे!"

आवाज ऐकून मांजी वर आल्या. मी मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं.

"भैण को गुर्दो?" (बहिणीचं मूत्रपिंड?) त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

त्या तडक खाली गेल्या. सज्जातून पाहते तो त्यांनी सिगडी उंबऱ्याबाहेर, भर गल्लीत मांडून कोळसे पेटवलेले. देवी कोपेल, असं शेजारीण बजावत होती.

"माता बैरण छै कांई? माँ छै!" (देवी काय वैरीण आहे? आई आहे!) मांजी कडाडल्या.

श्रीधरने वाफाळता दलिया खाल्ला, गोळ्या घेतल्या. मांजी स्वतः मात्र थंड राबडीच प्यायल्या. मला त्या बाईच्या पायाच पडावंसं वाटलं.

निघताना त्यांनी आधी श्रीधरच्या कुशीवर हात ठेवला, मग माझ्या. देवळात ठेवावा तसा. परतीच्या गाडीत मला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली. शस्त्रक्रियेपासून त्याच्या प्रत्येक गोळीची काळजी मी एकटीच वाहत होते. आता ती वाहायला जयपुरात आणखी एक आई होती.