सर्वज्ञ न्हाव्याचं नाजूक दुखणं

दाढी करता करता मूळव्याधीपासून टकलापर्यंत सगळ्यावर इलाज सांगणारा न्हावी स्वतःच्या दुखण्याबद्दल मात्र मूग गिळून बसला होता. शिश्नाची कातडी मागे सरकत नव्हती. त्याने जोर लावून पाहिला, तर तिला चिराच पडल्या. शेवटी बायकोने त्याला दवाखान्यात ओढत नेलं.

"कापणार का हो?" त्याने घाम पुसत विचारलं.

"आधी मलम लावा. कातडी हलकेच मागे घ्या, दुखेल इतकी नाही, आणि परत पुढे आणा. काही आठवड्यांत फरक पडला नाही, तर छोटी शस्त्रक्रिया करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मलमानेच काम भागलं. आता तो दुकानात तोऱ्यात सांगतो, "माझ्या एका मित्राला हा त्रास होता, मीच बरा केला." मित्राचं नाव विचारलं, की त्याची कात्री जोरात चालू लागते.