इनासचा तिरका झरोका

बहारीनमधल्या झिंजहून निघालेली कंपनीची बस सकाळी माझ्या वस्तीत, सनदला थांबायची, तेव्हा खिडकीजवळच्या सीटवर इनास असायचा आणि शेजारी माझ्यासाठी ठेवलेली त्याची पिशवी. मला पाहिलं की तो ती उचलून मांडीवर घ्यायचा. त्या दिवशी पिशवी नव्हती आणि इनासही नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, झिंजला दोन मिनिटं थांबलो, आला नाही. आम्ही सित्र्याला कामावर पोचेपर्यंत हॉस्पिटलमधून ऑफिसात फोन येऊन गेला होता... पहाटे छातीत दुखू लागलं आणि तासाभरात सगळं आटोपलं. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. मी अजून त्या सीटवर बसत नाही.

इनास वसईचा, मी रत्नागिरीकडचा. सत्तरच्या दशकात काही महिन्यांच्या अंतराने आम्ही बहारीनला आलो आणि एकाच खात्यात चिकटलो. तो पाइपांची ड्रॉइंगं काढायचा, मी त्यांच्यासोबत जाणारी पत्रं टाइप करायचो. त्याचं ड्रॉइंग दुरुस्तीसाठी परत आलेलं मला आठवत नाही. खात्यातला एक म्हातारा इंग्रज इंजिनिअर निवृत्त होऊन मायदेशी निघाला, तेव्हा त्याने इनासला आपल्या गावच्या चर्चची एक पातळ पुस्तिका दिली. पाच-सहाशे वर्षांचं जुनं, खेड्यातलं दगडी चर्च. शेवटच्या पानात घडी घातलेला नकाशा होता. इनासने तो ट्रेसिंग पेपरवर मोठा करून काढला आणि झिंजच्या फ्लॅटमध्ये बाहेरच्या खोलीत लावला. मग येईल त्या पाहुण्याला पेन्सिलीच्या टोकाने त्या चर्चमधून फिरवून आणणं सुरू झालं. हे फाटकावरचं छप्पर, इथे शवपेटी क्षणभर टेकवायची. हा पोर्च, आत दगडी बाक. बाप्तिस्म्याची कुंडी दारापाशीच, कारण आत शिरायचं ते तिथूनच. मग लोकांचे बाक, आणि त्यांच्या टोकांवर गावच्या सुतारांनी कोरलेली अस्वलं, कोल्हे, एक दातदुखीने कळवळणारा माणूस. पुढे वेलबुट्टीचा लाकडी पडदा आणि त्यापलीकडे वेदी. इंग्लंड त्याने कधी पाहिलं नाही, पण त्या चर्चमध्ये तो डोळे मिटून चालला असता.

त्याची सगळ्यात आवडती जागा मात्र एक भोक होती. वेदीच्या कमानीजवळच्या जाड भिंतीत तिरकं कोरलेलं. बाजूच्या दालनात बसणाऱ्यांना वेदी दिसत नसे, म्हणून कुणा गवंड्याने भिंतीलाच नजर दिली होती. बाकीची कलाकुसर देवासाठी, इनास म्हणायचा, हे एक काम कोपऱ्यातल्या माणसासाठी.

आठ-नऊ वर्षांपूर्वी इनासच्या बायकोच्या, आग्नेसवहिनींच्या पाठीचं ऑपरेशन झालं. तीन महिने उशीही न घेता उताणं निजून राहायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. दर शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याकडे वसईची मंडळी पवित्र माळ, म्हणजे रोझरीची प्रार्थना, म्हणायला बाहेरच्या खोलीत जमत. खाट बाहेर आणली तर माणसं बसणार कुठे, आणि चारचौघांसमोर असं पडून राहणं वहिनींना नको होतं. त्या आतल्या खोलीत निजून प्रार्थनेची उत्तरं द्यायच्या. मी माळेत नसायचो. कोपऱ्यातल्या दिव्याखाली, आतल्या भिंतीकडे तोंड केलेल्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसायचो आणि शेवटी सगळ्यांबरोबर चहा घ्यायचो. एका शुक्रवारी मंडळी गेल्यावर वहिनी इनासला म्हणाल्या, "आवाज सगळ्यांचे येतात, तोंड एकाचंही दिसत नाही. मेल्यावर असंच असेल काय रे?"

मी आरसा लावायचं सुचवलं, तर इनास म्हणाला, आरशात माणूस उलटा दिसतो. दुसऱ्या दिवशी त्याने टेप काढली. खाट मोजली, भिंतीची जाडी मोजली. मला खुर्चीत बसवून जमिनीपासून माझ्या डोळ्यांपर्यंतही टेप लावली. कशाला, विचारलं तर म्हणाला, त्या चर्चमधल्या बाकांची उंची ताडून पाहतोय. मग छिन्नी-हातोडा घेऊन त्याने भिंत फोडायला घेतली. मी बादली धरून उभा.

झरोका झाला, माळेचा शुक्रवार आला. मंडळी वेदी म्हणून मांडलेल्या टेबलाकडे तोंड करून गुडघ्यांवर बसली. माळ संपल्यावर इनासने आत जाऊन विचारलं, दिसतंय ना सगळं? आतून उत्तर आलं, "वेदी नाही दिसत. हमीदभावजी दिसतात. भावजी, मान वर करा, नुसतं टक्कल दिसतंय."

मी पुस्तकातून मान वर केली आणि खोलीभर हसू पसरलं. इनासच्या ड्रॉइंगमधली पहिली चूक, म्हणून ऑफिसातही त्याची थट्टा झाली. चूक सुधारतो, असं तो एकदा म्हणाला, पण वहिनींनी हात लावू दिला नाही. पुढच्या शुक्रवारपासून माळ संपली की एकेक जण येऊन माझ्या खुर्चीत बसायचा, भिंतीकडे पाहून दोन मिनिटं बोलायचा आणि उठायचा. घरमालक हाजींना कळलं तेव्हा ते तणतणत आले. इनासने मोडक्या अरबीत सगळं सांगितलं. तेही खुर्चीत बसले. आतून सलाम आला. त्यांनी जवाब दिला आणि म्हणाले, "यल्ला, चला, राहू दे. पण घर सोडताना बुजवून जा."

इनासची शवपेटी घेऊन वहिनी वसईला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, भावजी, तो झरोका परक्या हातांनी बुजवू नका. म्हणून गेल्या शुक्रवारी सिमेंट घेऊन मीच गेलो. आधी भिंतीवरचा चर्चचा नकाशा काढला, तर त्याच्या मागे आणखी एक ट्रेसिंग चिकटवलेलं होतं. इनासचंच. हीच भिंत, खाट, बिनउशीचं डोकं आणि तिथून भिंतीतून तिरकी गेलेली एक बारीक रेघ. ती वेदीकडे जातच नव्हती. तिच्या टोकाशी त्याच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: 'हमीद, बसलेला. डोळे जमिनीपासून तीन फूट दहा इंच.'

मी त्या खुर्चीत बसून राहिलो... माळेच्या वेळी सगळ्यांची तोंडं वेदीकडे असायची. आतल्या खोलीकडे तोंड असलेला माणूस एकच होता, मी. इनासने ते मोजलं होतं, आणि पुढे इतकी वर्षं आमची थट्टा निमूटपणे ऐकून घेतली.

मग झरोका बुजवला. ट्रेसिंग वहिनींना पाठवायचं आहे, पत्र अजून लिहून होत नाही. खुर्ची सनदला आणून दिव्याखाली मांडली आहे. संध्याकाळी तिच्यात वाचत बसतो, आणि अधूनमधून आठवण झाली की पुस्तक खाली घेऊन मान वर करतो.