ताडपत्रीखालचा रंग

इंजिनिअरिंग संपल्यावर मला रोलवर फोटो काढायची हौस लागली. एक जुना कॅमेरा मिळवला, सगळ्यात स्वस्त रंगीत रोल घेतला. फोटो धुऊन आले ते घेऊन टेंभुर्णीला राधेश्याममामांकडे गेले. स्टँडजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. आता तिथे झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो एवढंच चालतं.

मामा फोटो बघून हसले. "अक्षे, ट्यूबखाली काढले ना? आईच्या तोंडावर शेवाळ चढवलं की तू!"

"मग काय करायचं?"

"स्वस्त रोल म्हंजे उन्हाचा सोबती. बल्बखाली पिवळा पडतो, ट्यूबखाली हिरवा, सावलीत निळा. पण तिरप्या उन्हात जरा जास्तीचा उजेड दे, मंग बघ. अन् फोटोत आधी पांढरं हुडक. पांढरं पांढरं आलं, तर बाकीचे रंग बी खरे."

महाग रोल मामांनी आयुष्यात वापरला नाही. लाल मांडवात नवरीचा चेहरा लाल येतो म्हणून ते तिला भर लग्नातून बाहेर उन्हात आणायचे. वऱ्हाड कुरकुरायचं. अल्बम आला की तेच लोक म्हणायचे, फोटो काढावा तर राधेश्यामनं.

मग लग्नाचे फोटो काढायचं ते कामच का सुटलं? मी विचारलं तेव्हा ते झेरॉक्सचं झाकण पुसत राहिले. सांगितलं मामींनी.

वीसेक वर्षांपूर्वी जवळच्या एका गावात दीपमाला नावाची नवी सून गेली. सासरे बद्रीनाथ सगळ्यांना सांगत होते, ताप आला आणि झोपेतच गेली. तिची आई गिरिजाबाई राजूरहून आली ती मामांना सोबत घेऊनच. "भाऊ, लेकीचा शेवटचा एक फोटो तरी राहू द्या."

अंगणात निळी ताडपत्री बांधली होती. मामांनी तिथे एक फोटो काढला, पण रंग बिघडणार हे त्यांना ठाऊक होतं. तिरडी उन्हात आल्यावर दुसरा काढला. दोन्ही वेळी गिरिजाबाईनं लेकीच्या गळ्यावरचा पदर बाजूला केला होता.

माती झाली. चार दिवसांनी गिरिजाबाईनं पोलिसांत तक्रार दिली, की गळ्यावर वळ होता. आता पुरावा म्हणून फक्त फोटो उरला होता. जमादार यायच्या आधी बद्रीनाथ स्टुडिओत येऊन बसले. स्टुडिओचा गाळा बद्रीनाथांच्याच मालकीचा होता.

"तूच सांगत फिरतो ना, ताडपत्रीखाली निळं येतं म्हणून?"

"येतं."

"मंग तेवढंच सांग. खोटं थोडंच बोलायला लावून राह्यलो तुला?"

मामांनी जमादाराला फक्त पहिला फोटो दिला. त्यात चेहरा, गळा, हात, सगळंच निळं. वळ कुठला आणि सावली कुठली, कोणाला सांगता येईना. गिरिजाबाई म्हणाली, "भाऊ, उन्हातला? तो बी काढल्ता की तुम्ही!"

"तो आलाच न्हाई, बाई. रोल स्वस्ताचा. रंगाचा काय भरोसा!"

तक्रार तिथेच मिटली. मामांचं वाक्य मात्र गावोगाव गेलं. लग्नाच्या घरचे म्हणू लागले, राधेश्यामचा रोल स्वस्ताचा, तो स्वतःच सांगतो. वर्षाच्या आत बद्रीनाथांनी त्याच मुलाचं दुसरं लग्न ठरवलं. मामा ऑर्डर विचारायला गेले.

"जालन्याचा फोटोवाला सांगितलाय," बद्रीनाथ म्हणाले. "तुझ्या रोलाचा भरोसा न्हाई. तूच म्हणला व्हता."

मामी सांगता सांगता हसल्या, पण ते हसणं बरं नव्हतं.

मी मामांच्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायला घेतल्या होत्या. परवा त्या दोन फोटोंच्या चौकटी शेजारीशेजारी सापडल्या. पहिली निळी. दुसरी उन्हातली. हिरवं लुगडं, कपाळावर पिवळी हळद आणि गळ्यावर बोटभर रुंद काळानिळा वळ. मी आधी पांढरं शोधलं. तिरडीमागे एका म्हाताऱ्याचा फेटा होता, कापसासारखा पांढरा.

मामांना बोलावलं. ते चष्मा लावून स्क्रीनसमोर उभे राहिले.

"मामा, गिरिजाबाई आहेत का अजून?"

"मागच्या साली गेली."

ते स्क्रीनजवळ वाकले. मग बोट त्या फेट्यावर ठेवून हळूच म्हणाले, "उजेड मात्र बराबर घेतल्ता मी."