कास्तुलोचा मानकरी

माझे वडील, आबा, इंग्लंडला लीड्सच्या आमच्या घरी आले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं आणि विचारलं, "पाणी उतरलं का गं?" बाहेर भुरभुर पाऊस चालू होता आणि वाऱ्याने कौन्सिलचे कचऱ्याचे डबे रस्त्यात आडवे झाले होते. मी म्हटलं, "उतरेल, आबा." दुसरं काय सांगणार?

आमचं गाव धरणात गेलं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. लोकांना लांब एका माळावर वस्ती करून दिली, आबा नोकरीसाठी पुण्याला आले आणि मी पुण्यातच वाढले. तरी दरवर्षी माळावरच्या यात्रेत जुन्या गावाच्या नावाने पुकारा व्हायचा आणि पहिला नारळ आबांच्या हातून फुटायचा. आमच्या घराण्याचा तो मान. गाव पाण्याखाली, देव ट्रकमधून माळावर आणलेला, पण मानकरी मात्र आबाच. लहानपणी मला त्याचं हसू यायचं. नसलेल्या गावाचा कसला आलाय मान, असं मी आईला म्हणायचे आणि शिव्या खायचे.

आई गेल्यावर आबांचं विसरणं फार वाढलं. ते नागपूरला माझ्या भावाकडे असायचे. सहा महिन्यांच्या व्हिसावर मी त्यांना आणलं, तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट होती. परत जाताना त्यांनी मला ओळखावं. त्यानंतर मी भारतात कधी जाणार आणि तोवर त्यांच्यात माझं काय शिल्लक राहणार, कुणास ठाऊक.

जीपीने, म्हणजे इथल्या आमच्या डॉक्टर बाईंनी, स्पष्ट सांगितलं, औषधाचा फारसा उपयोग नाही. बोलत राहा, रोज त्यांच्याजवळ बसून बोला.

पण बोलायचं काय? मी तेव्हा पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात होते आणि माझ्या डोक्यात स्पेनमधल्या कास्तुलो या उजाड गावाशिवाय काही शिरत नव्हतं. सुपरवायझर प्रबंधाचं एक प्रकरण तिसऱ्यांदा परत पाठवत होता. मग मी आबांना रेडिएटरजवळच्या खुर्चीत बसवायचे, माकडटोपी घालायचे, चहा द्यायचे आणि रोज दुपारी लिहिलेलं सगळं मराठीत सांगायचे. नवरा म्हणाला, "बेस्ट आहे! सुपरवायझरपेक्षा ते जास्त पेशन्टली ऐकतात." मी त्याला खाऊ की गिळू नजरेने बघितलं, पण त्याचं म्हणणं खरं होतं.

मी सांगायचे: नदीच्या वर उंचावर गाव. डोंगरात चांदीच्या आणि शिशाच्या खाणी. त्या चांदीपायी, रोमचं वैरी असलेल्या कार्थेजच्या सेनापतीने याच गावातली मुलगी बायको केली. पुढे गावाने कार्थेजची साथ सोडली आणि रोमला जाऊन मिळालं.

"जावयाला सोडलं?" आबा ताठ बसले. "हे वाईट केलं."

गावाची स्वतःची नाणी होती, त्यांवर पंख असलेली आणि माणसाच्या तोंडाची सिंहीण. मग ख्रिस्ती लोक आले, बिशप आला. बिशप म्हणजे कोण, ते मी समजावलं. तोलेदो शहरात धर्मसभा भरली की कास्तुलोचा बिशप तिथे जाऊन गावाच्या नावाने बसायचा. पुढे बिशपची गादीच शेजारच्या गावात हलवली आणि कास्तुलो हळूहळू ओस पडलं. लोकांनी दगडसुद्धा उचलून नेले. आता तिथे ऑलिव्हची झाडं आहेत.

"आणि बिशप?"

"रोमवाले, म्हणजे पोपची मंडळी, अजूनही कुणाला तरी तो किताब देतात, आबा. कास्तुलोचा बिशप. गावात माणूस नाही, पण नाव पुसायचं नाही, असा त्यांचा रिवाज आहे."

आबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे मानकरीच की." आणि माझ्याकडे वळून नावाने हाक मारून म्हणाले, "चांगलं काम करतेस पोरी." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले. जमतंय, असं मला वाटलं.

उन्हाळ्यात पाण्याबद्दलचा प्रश्न बंद झाला. मी खूश झाले. नवऱ्याला म्हटलं, बघ, शांत झालेत. मग एके दुपारी मी पोहे केले होते. आबांनी बशी हातात घेतली आणि सहज बोलावं तसं म्हणाले, "आपल्या गावी चांदी निघायची. तिनेच घात केला."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"आबा, आपल्या गावी चांदी नव्हती. आपलं गाव धरणात गेलं. आठवतंय ना? देवळापुढची चिंच? तुम्ही नारळ फोडायचात?"

"धरण?" त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "धरण नव्हतं गं. दगड नेले लोकांनी. एकेक करून सगळे दगड नेले."

त्या दिवसापासून माझी नुसती तडफड सुरू झाली. कास्तुलोचं नाव काढायचं मी बंद केलं. आपलं गाव सांगायला बसले आणि दोन वाक्यांत थांबले, कारण मला येतच नव्हतं. देऊळ पूर्वेला होतं की पश्चिमेला? आमच्या घराला ओसरी होती का? नदीवर जायची वाट कुठून होती? स्पेनमधल्या पडक्या गावाची तटबंदी मी झोपेतही काढून दाखवली असती. आणि माझ्या बापाच्या गावातली एक गल्लीही मला माहीत नव्हती. नागपूरला भावाला फोन लावला. तो म्हणाला, "चिंच होती ना एक? बाकी मलाही नाही गं माहीत. आबांनाच विचार ना." मी फोन आपटला. त्याचा काय दोष होता? ज्यांना विचारायचं ते समोर बसून मला खाणींची वाट सांगत होते.

चिंचेची चटणी करून त्यांच्या जिभेवर ठेवली. नारळ आणून हातात दिला. त्यांनी तो वरखाली बघितला आणि माझ्याकडे परत दिला. मला राग आला, इतका की मी ओरडले, "आबा, अहो मानकरी आहात तुम्ही!" ते घाबरून खुर्चीत मागे सरकले. ते मागे सरकणं मला अजून दिसतं.

व्हिसा संपत आला तसा भाऊ त्यांना न्यायला आला. मँचेस्टर एअरपोर्टवर तो चेक-इनच्या रांगेत उभा होता. मी व्हीलचेअरपुढे गुडघे टेकून आबांच्या स्वेटरची बटणं लावत होते. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. वागण्यात अदब होती, परक्या बाईशी वागावं तशी.

"बाई, तुम्ही कुठल्या?"

माझं नाव ओठांवर आलं होतं. पाण्याखालच्या गावाचंही आलं होतं. त्यांतलं एकही त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

"कास्तुलोची," मी म्हणाले.

आबांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "अहो, मग आपण एका गावचे! कुणाच्या घरातल्या तुम्ही?"

"मानकऱ्यांच्या. त्यांची मुलगी मी."

आबांनी विचार केला. आठवायचा खूप प्रयत्न केला. भाऊ पासपोर्ट घेऊन परत आला, त्याने खुर्ची वळवली, तरी त्यांनी माझा हात सोडला नव्हता.

"मानकऱ्यांना मुलगी होती होय?" ते म्हणाले. "मला कुणी बोललं नाही."