सांता फेत सुमीची दुभाषी

मी कॅनडाला निघाले त्या दिवशी अण्णा मागावरून उठले नाहीत. दारात काळी-पिवळी जीप हॉर्न वाजवत होती, माय माझ्या बॅगेत शेंगदाण्याच्या चटणीची पुडी कोंबत होती, शेजारच्या बाया "विमानात खायला देतेत का गं?" म्हणून विचारत होत्या, आणि आतल्या खोलीतून फणीचा ठोका चालूच होता. मी पाया पडायला आत गेले तेव्हा त्यांनी पाय मागाच्या खड्ड्यातून वर काढले, एवढंच. म्हणाले, "जा. हात विसरू नको."

हात म्हणजे विणायचा हात. पैठणात आमच्या घरी तीन पिढ्या पैठण्या विणल्या. आम्ही दोघी बहिणी. मी थोरली, सुमी माझ्याहून चार वर्षांनी लहान. आणि खोटं कशाला बोलू, हात माझा होता. पदरावरचा मुनिया, म्हणजे तो हिरवा पोपट, मी बाराव्या वर्षी न मोजता काढायचे. सुमीचा हात जड. अण्णा तिचं काम बघून म्हणायचे, "सुमे, पोपट आहे का कावळा?" ती रडायला लागली की मी तिचं विणलेलं उसवायचे आणि पुन्हा करून द्यायचे, कुरकुर करत का होईना.

तर जिला हात होता ती इंजिनिअरिंगला गेली, मग पुण्यात नोकरी, मग लग्न, मग कॅल्गरी. जिचा कावळा व्हायचा ती घरी राहिली.

पंधरा वर्षं झाली. मी एका पाइपलाइन कंपनीत डिझाइनला आहे. सकाळी सी-ट्रेन पकडायची, ऑक्टोबर आला की विंटर टायर्स बसवून घ्यायचे, बर्फ पडलं की ऑफिसच्या आधी ड्राइव्हवे शोव्हल करायचा. दर जुलैत शहरात काउबॉयांची जत्रा भरते तेव्हा आमचं सगळं ऑफिस आठवडाभर हॅट आणि बूट घालून काउबॉय होतं, त्यात मीही होते. तक्रार काही नाही. पण बूड टेकत नाही माझं कुठे, हे नवऱ्याला विचारा. सोफ्यावर बसले की उठते, उठले की काहीतरी आवरते, आवरून झालं की तिकिटांचे दर बघते.

अण्णा वारले तेव्हा मी दिवसकार्याला गेले होते. त्यांनी जिवंतपणीच सांगून ठेवलं होतं की पुढची खोली सुमीची, मागाची खोली माझी. निघताना मी माझ्या खोलीला कुलूप घातलं. अण्णांचा माग आत तसाच, मागावर अर्धा पदरही तसाच. सुमीला म्हटलं, "मी आले की इथे राहीन." ती बरं म्हणाली. त्यानंतर तीन वेळा गेले, शेवटचं तीन वर्षांपूर्वी, आणि तिन्ही वेळा औरंगाबादला हॉटेलात उतरले, कारण पोरांना कमोडची वॉशरूम लागते. दुपारी पैठणला जायचं, खोली उघडून पाच मिनिटं उभं राहायचं, नाकात धूळ गेली की बाहेर यायचं, परत कुलूप. माझी मुलगी एकदा म्हणाली, "मॉम, इट्स जस्ट अ रूम." मी तिच्यावर इतकी ओरडले की ती घाबरलीच.

आणि या सगळ्या काळात सुमी ओसरीवर विणत होती. आधी एकटी, मग गल्लीतल्या दोन बायका, मग बघता बघता अकरा. ऊन आलं की चवाळं बांधायचं, पाऊस आला की माग झाकायचे. मला हे माहीत होतं. व्हिडिओ कॉलवर दिसायचं ना. तिनं खोली कधी मागितली नाही आणि मी कधी दिली नाही. आपण होऊन देण्याएवढं मोठं मन माझं नव्हतं, सरळ सांगते. ती खोली गेली तर पैठणात मी कोण, पाहुणीच की.

गेल्या हिवाळ्यात सुमीचा फोन आला. अमेरिकेत सांता फे नावाचं जुनं गाव आहे, तिथे उन्हाळ्यात जगभरच्या कारागिरांचा बाजार भरतो, त्यात तिची निवड झाली होती. "अक्का, तू येती का? मला विंग्रजी कुठं येतं! अन् तू जवळच ऱ्हाती ना." कॅल्गरी आणि सांता फे जवळ! दोन विमानं आणि वर तासाभराची व्हॅन. तरी मी हो म्हटलं. ऐकून आनंद झाला, आणि त्याच्या पाठोपाठ एक गोष्ट टोचली. बोलावणं त्या कावळ्याला आलं होतं. दुसरं टोचलं ते असं, की समोरासमोर भेटल्यावर ही नक्की खोली मागणार. विमानात मी उत्तराची तयारी करत होते. एक उत्तर प्रेमानं नाही म्हणायचं आणि एक रागानं नाही म्हणायचं.

सांता फे बघून मी चाटच पडले. सगळं गाव मातीच्या रंगाचं. सपाट धाब्याची घरं, भिंतीतून बाहेर आलेली लाकडी तुळयांची टोकं, गोल झालेले कोपरे. बँकसुद्धा तशीच आणि पार्किंग गॅरेजसुद्धा. मी बघायच्या जागांची यादी करून आणली होती. डोंगरातला ऑपेरा, गॅलऱ्यांचा रस्ता, तीन म्युझियम्स, संध्याकाळी चौकातलं गाणं. सुमीनं यादी ऐकून घेतली आणि म्हणाली, "ते तू बघ. इथं माग कुठं हायेत ते विचार."

मग लोकरीच्या सतरंज्या विणणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईच्या दुकानात गेलो. सुमीनं काय करावं? काही न बोलता सतरंजी उलटी केली आणि मागची बाजू बघत बसली. मी घाईघाईनं सॉरी सॉरी म्हणायला लागले. पण ती बाई हसली, पुढे आली आणि सुमीच्या खांद्यावरच्या पैठणी स्टोलचं टोक धरून तिनंही उलटं केलं. दोघींनी एकमेकींची उलटी बाजू पाहिली, माना डोलावल्या. दुभाषी मधे उभी, तिला काही कामच नव्हतं.

बाजार सुरू झाला तेव्हा मात्र काम पडलं. गर्दी म्हणजे विचारू नका. डोंगरावरच्या मोठ्या पटांगणात तंबू, टोपल्या, मडकी, ढोल, दहा भाषा. आमच्या स्टॉलवर आयोजकांनी एक छोटा माग उभा करून दिला होता. निळ्या खड्यांची माळ घातलेली एक बाई आली, पदरावरून बोट फिरवत तिनं विचारलं, तुला हे कोणी शिकवलं? मी सुमीला विचारलं. सुमीनं माझ्याकडे बोट केलं. "हिनं. ही माझी थोरली बहीण, हिनंच शिकवलं म्हणावं."

मी त्या बाईला सांगितलं, "अवर फादर."

का सांगितलं असं? कारण पुढचा प्रश्न मला दिसत होता. मग तुम्ही का नाही विणत? त्याचं उत्तर मला भर बाजारात द्यायचं नव्हतं.

"फादर कामून म्हणली?" सुमीनं हळूच विचारलं. तेवढं इंग्रजी तिला येत होतं. मी म्हटलं, "सोपं पडतं त्यांना." तेवढ्यात बाईचा दुसरा प्रश्न, तुम्ही कुठे विणता? सुमी म्हणाली, "घरीच." आणि माझी जीभ सुटली. मी सांगितलं की आमच्या वडिलांच्या खोलीत, त्यांच्याच मागाशेजारी बसून सगळ्या बायका विणतात, खोली अजून तशीच जिवंत आहे. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं एक स्टोल विकत घेतला. फादर, रूम, लूम एवढे शब्द सुमीलाही कळले, ती माझ्याकडे बघतच राहिली. तिचा चेहरा पांढराफटक झाला होता. मला वाटलं, खोटं पकडलं हिनं.

दुपारी ती जेवायला गेली आणि एका घोळक्यानं विणून दाखवा म्हणून हट्ट धरला. मी मागावर बसले. अहो, मनात केवढा उत्साह! रेशमाच्या बारक्या कांड्या हातात घेतल्या, मुनियाची चोच काढायला लागले. पहिल्या चार ओळी बऱ्या गेल्या. पुढे बोटांना काही सुचेना. कुठली कांडी कुठल्या दोऱ्याखाली अडकवायची ते डोक्याला आठवत होतं, हाताला नाही. लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना काय कळतंय. सुमी परत आली, माझ्या शेजारी टेकली आणि तिनं माझ्या चारही ओळी उसवल्या. हसली नाही, चिडवलं नाही. चिडवलं असतं तर बरं झालं असतं. मला रडू येत होतं आणि मी सगळ्यांना पैठणीचा इतिहास सांगत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाजार उघडायच्या आधी, एका जुन्या मातीच्या चर्चपाशी गेलो. भिंतीला दोन माणसं हातानं गिलावा करत होती. सुमीनं ओल्या भिंतीला हात लावला, बोटं चोळली. "भुसाच घातलाय की! एवढं तिकीट काढून लिंपण बघायला आले मी." तिचं हसू थांबलं. मग म्हणाली, "अक्का, तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"खोलीचं. काल त्या बाईला सांगितलं ना तू सगळं. तुला कधी कळलं?"

"काय कळायचंय?" मी विचारलं. आणि तिच्या लक्षात आलं की मला काहीच माहीत नाही. पण आता मागे फिरता येत नव्हतं. दोन पावसाळ्यांपूर्वी खोलीचं धाबं, म्हणजे मातीचं छप्पर, एका कोपऱ्यात बसलं. पाणी सरळ अण्णांच्या मागावर. तिनं दगडानं कुलूप तोडलं, माग ओढून कोरडा केला, धाब्यावर नवी माती घातली. बायकांनी मिळून भिंती लिंपल्या. आता एवढं केलंच आहे तर दोघीजणी आत बसू देत म्हणाली. मग चौघी. आता सगळ्या आत बसतात, पाळीपाळीनं. पूर्वेच्या भिंतीत खिडकीही पाडली आहे.

"अन् व्हिडिओवर?"

"ओसरीवर बसून बोलायचे ना मी. फोन तिकडं वळवतच नव्हते." मग खाली मान घालून म्हणाली, "फोनवर सांगायची हिंमत नव्हती. म्हणून तर आले इतक्या लांब. बाजार गेला खड्ड्यात, तोंडानं सांगायचं होतं."

"मला विचारायचं नाहीस?"

"विचारलं असतं तर हो म्हणली असती?"

"नसते म्हणाले."

"मग?"

असा संताप आला मला! मी तिला तिथेच सोडून चालू लागले. सगळा चौक पालथा घातला. गव्हर्नरांच्या जुन्या घराच्या ओसरीत तिथल्या आदिवासी बायका चांदीचे दागिने मांडून बसल्या होत्या, त्यांच्यासमोरून तीनदा गेले आणि एकही दागिना पाहिला नाही. माझी खोली. माझं कुलूप. माझ्या बापाचा माग. आणि चालता चालता स्वतःचीच लाज वाटायला लागली, कारण इतक्या वर्षांत त्या खोलीत मी मोजून पंधरा मिनिटं उभी होते. धाबं बसलं तेव्हा मी बहुधा ऑनलाइन ग्रोसरी ऑर्डर करत असेन.

पावणेदहाला परत फिरले. प्रेम दाटून आलं म्हणून नाही. दहाला बाजार उघडणार होता आणि तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून. ती स्टॉलवर एकटी बसून पदरांच्या घड्या घालत होती, डोळे सुजलेले. मी टेबलाच्या माझ्या बाजूला उभी राहिले. मग मी विचारलं, "अण्णांच्या मागावर कोण बसतं?"

"शेवंता. गल्लीतलीच हाये. तिचा हात तुझ्यासारखा." मग तिनं खरं काय ते सांगून टाकलं. "तुझ्यापेक्षा चांगला."

ते ऐकून बरं का वाटलं, हे मला आजही नीट समजावून सांगता येत नाही.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आले, त्यांच्या गावी कुठे ना कुठे असं एक कुलूप असणार, नागपुरातल्या एखाद्या फ्लॅटला, साताऱ्यातल्या एखाद्या कपाटाला. मी कोणाला शहाणपण शिकवत नाही. माझं कुलूप मी उघडलं नव्हतं, ते तोडावं लागलं. आणि तुम्ही जे तिथेच राहिलात, तुम्हाला एवढंच सांगते की आमच्याकडून हो यायची वाट बघत बसू नका. आम्ही इथे घर म्हणून जे मनात धरून बसतो, त्यात माणूस नसतो कुणी. त्यात आम्हीही नसतो.

कॅल्गरीला परत येऊन महिना झाला. अजूनही बूड टेकत नाही, तो स्वभाव जायचा नाही. डिसेंबरची तिकिटं काढली आहेत, या वेळी एकटीची, तीन आठवड्यांची. फोनवर सुमीला म्हटलं, मला पुन्हा शिकव. ती म्हणाली, "ये. पण सकाळी नऊला बसावं लागेल, उशीर झालेला मला चालत न्हाई. अन् एकच जागा रिकामी हाये, दाराजवळची. उजेड कमी येतो तिथं. खिडकीजवळच्या जागा बायकांनी आधीच घेतल्यात."