अस्तरवाल्या बिरादार मॅडम

बिरादार मॅडमनी जन्मात मटण खाल्लं नव्हतं, तरी नांदेडच्या मटण मार्केटात त्यांना सगळे ओळखत. गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, हातात बर्फ घातलेला स्टीलचा डबा आणि मागणी एकच: बकरीची गर्भपिशवी. खाटीक गफूरभाई आधी बुचकळ्यात पडले. ते तर आम्ही फेकून देतो, त्यापेक्षा कलेजी न्या, असं त्यांनी सुचवलं. मॅडम म्हणाल्या, "कलेजी खाणाराला द्या. तुम्ही फेकता तेच मला पाहिजे."

ही बातमी मॅडमच्या आधी कॉलनीत पोचली. समाजातले एक ज्येष्ठ गृहस्थ विचारपूस करायला घरी आले. मॅडमनी त्यांना चहा दिला आणि पिशवी कशी धुतात ते इतकं बारकाईनं सांगितलं, की गृहस्थ चहा अर्धा ठेवून उठले. पुन्हा कुणी विचारपूस केली नाही.

मी विष्णुपुरीजवळच्या आमच्या कॉलेजात त्यांच्या हाताखाली लागले, तेव्हा मलाही हे काम विचित्रच वाटलं होतं. पण ते सोपं करून सांगण्यात मॅडमचा हात धरणारं कुणी नव्हतं. काही बायकांच्या गर्भाशयाचं आतलं अस्तर खराब होतं. क्षयानं होतं, नाही तर पिशवी पुन्हा पुन्हा साफ केल्यानं होतं. मग तिथं गर्भ रुजत नाही. मॅडम बकरीच्या पिशवीतल्या सगळ्या पेशी धुऊन काढत. मागं पांढरी, जाळीदार चौकट उरायची. तिची त्या जेल करत आणि ऑपरेशनला आलेल्या बायकांनी राजीखुशीनं दिलेल्या अस्तराच्या पेशी तिच्यावर वाढवत. एके सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशींनी खऱ्या अस्तरात असतात तशा ग्रंथी धरलेल्या दिसल्या. मी खुर्चीवरून उठून सगळ्यांना सांगायला निघाले.

"बस खाली," मॅडम म्हणाल्या. "उगवलं म्हणजे पिकलं न्हाई."

त्या बसवू शकल्या फक्त मला. संस्थेच्या अध्यक्षांना, म्हणजे आमच्या साहेबांना, कुणीतरी सांगितलंच. लगेच सत्कार ठरला. सूत्रसंचालकानं मॅडमनी गर्भाशय बनवल्याचं जाहीर केलं. मॅडमनी माईक घेतला आणि सांगितलं, की मी नखाएवढं अस्तर वाढवलंय, तेही काचेच्या ताटलीत, आणि अजून उंदरिणीलासुद्धा त्याचा उपयोग झालेला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला, कारण त्या ठिकाणी टाळ्या ठरलेल्याच होत्या. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला: 'आता गर्भाशय नांदेडातच पिकणार'. कॉलेज तपासायला समिती येणार होती, म्हणून साहेबांनी काचेच्या कपाटात एक प्लास्टिकचं गर्भाशय ठेवून त्यावर मॅडमच्या नावाची चिठ्ठी लावली. मॅडम रोज ती चिठ्ठी काढत आणि शिपाई रोज नवी लावे. दोघांचं एकमेकांशी काहीच वैर नव्हतं.

मग एक दिवस उदगीरहून मॅडमच्या बहिणीचा अभिनंदनाचा फोन आला. लातुरात चौकात तुझा फोटो लागलाय, म्हणाली. साहेबांच्या मेहुण्यांचं तिथं वंध्यत्वाचं रुग्णालय होतं. बोर्डावर सत्काराची शाल पांघरलेल्या मॅडम हात जोडून उभ्या होत्या आणि खाली लिहिलं होतं: 'नवीन अस्तर, आता लातुरातच'.

आम्ही एसटीनं गेलो. बाहेरचा हॉल बायकांनी भरलेला होता, बहुतेकींच्या शेजारी सासू. मेहुण्यांनी आम्हाला केबिनमध्ये नेलं, पुष्पगुच्छ मागवला आणि मोकळ्या मनानं सांगितलं, की आपण पिशवीत नुसती साधी जेल सोडतो, तिचा अपाय काही नाही. "आशा हेही औषधच आहे, मॅडम," ते म्हणाले.

पुष्पगुच्छ टेबलावर तसाच ठेवून मॅडम हॉलमध्ये आल्या आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

"फोटोतली बाई मीच हाय," त्या म्हणाल्या. "माझी जेल अजून कोण्याच बाईला दिलेली न्हाई. इथं देतेत ती माझी न्हाई."

निलंग्याकडची एक सासू उठली. एवढ्या लांबून आलो, मग आता हिचं काय करायचं, हिच्यातच खोट हाय, असं तिचं म्हणणं. मॅडमनी सुनेला जवळ बसवून घेतलं. मुलीनं खाली बघत सांगितलं, की दोनदा गर्भ पडला, दोन्ही वेळेला गावातल्या डॉक्टरनं पिशवी खरवडली आणि तेव्हापासून पाळीही येईनाशी झाली.

"मावशी," मॅडम सासूकडं वळल्या, "खोट हिच्यात नव्हती. अस्तर खरवडून नेलं ते डॉक्टरनं. त्याच्याकडं हिला घेऊन कोण गेलतं?"

सासूनं पदर सारखा केला. सुनेनं मात्र मान वर केली आणि सासूकडं बघतच राहिली. थोड्या वेळानं दोघी उठून बाहेर गेल्या, सासू मागं आणि सून पुढं. आणखी काहीजणी गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या. बोर्डावर छापलंय म्हणजे काहीतरी असेलच, असं एक जण दुसरीला समजावत होती.

मेहुण्यांची बदनामी झाली म्हणून साहेबांनी मॅडमना पेपरात माफी मागायला सांगितलं. मॅडमनी मागितली नाही. मग प्रयोगशाळेचं नूतनीकरण निघालं आणि त्यात पेशी उबेत ठेवायच्या यंत्राची वायर कुणीतरी काढली. आम्ही पोचलो तोवर ताटल्या गार पडल्या होत्या. मॅडमनी एकेक ताटली सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहिली, मग सगळ्या नियमाप्रमाणं उकळून टाकल्या. त्या दिवशी त्यांनी डबा आणला होता, तो न उघडताच परत नेला. प्रयोगशाळेच्या जागी आता सोफासेट आहे. साहेब कॉलेजात आले, की तिथं विश्रांती घेतात.

मॅडमना हैदराबादच्या एका प्रयोगशाळेनं बोलावलं. तिथं त्यांनी पुन्हा ताटल्या मांडल्यात आणि आता उंदरांपर्यंत पोचल्यात. मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले होते. गाडी हलायच्या आधी त्या म्हणाल्या, "लातूरच्या बोर्डावर नंबर आपल्या विभागाचा छापलाय. फोन येत राहतील. अजून न्हाई म्हणून सांगायचं. पण तेवढ्यावर फोन ठेवून द्यायचा न्हाई."

फोन येतात. अस्तराची जेल मिळते का, असं बायका दबक्या आवाजात विचारतात. अजून नाही, म्हणून मी सांगते. खरवडण्याविषयी विचारते, खरी तपासणी कुठं होते ते सांगते. मग विचारते, की तुझ्यातच खोट आहे असं घरात कोण म्हणतं. ते माणूस जवळ असेल तर फोन त्याच्याकडं दे, म्हणते.

कुणी फोन ठेवून देतं. पण कधी कधी भांड्यांचा आवाज जवळ येतो आणि एक जाड आवाज विचारतो, "हां, कोण बोलायलंय?"

मी खुर्ची पुढं ओढून घेते.