कशाचं अभिनंदन, ते सांगता येत नाही

आधी चहा घ्या. पुढचं ऐकून तुम्ही मला नावं ठेवणार, ती उपाशीपोटी ठेवू नयेत. माझ्या सख्ख्या बहिणीच्या बालविवाहाची चौकशी आमच्या दारात आली होती. कुणामुळे? माझ्यामुळे.

मी गणेश. आठवीतून शाळा सोडली, नागापूरला एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करतो. गाव खर्ड्याच्या अलीकडे. घरात आई आणि दहावीतली सोनाली. मोठा भाऊ संतोषदादा होता. 'होता' म्हणायची अजून सवय झालेली नाही. उन्हाळ्यात तापानं गेला, चार दिवसांत.

टीव्हीवर शाळांची प्रश्नमंजूषा असते ना, त्यात सोनालीच्या शाळेतल्या तीन मुली निवडल्या गेल्या. सोनालीची तयारी दादानंच करून घेतली होती. म्हशीची धार काढता काढता प्रश्न विचारायचा. उत्तर चुकलं की म्हशीला सांगायचा, "बघ गं, हिला एवढं बी येत न्हाई."

पुण्याच्या रेकॉर्डिंगला पालक म्हणून मी गेलो. तिथं एका कागदावर सही मागितली. दोन पानं बारीक अक्षर. वाचत बसलो असतो तर कार्यक्रम संपला असता. केली सही.

पोरी जिंकल्या. थेट अंतिम फेरीत. आता मला सांगा, आमच्याकडे कुणी नवीन ट्रॅक्टर घेतला तरी चौकात फ्लेक्स लागतो, आणि मी गप्प बसायचं? सोनालीला तिच्या शाळेच्या शिंदे सरांबरोबर पुढं पाठवलं आणि जामखेडला उतरून तडक फ्लेक्सवाल्याकडे गेलो.

तो म्हणाला, "संतूचा फोटो हाय माझ्याकडं. मागच्या फ्लेक्सचा."

मागचा म्हणजे श्रद्धांजलीचा.

"त्याचा हार काढता येतो का?" मी विचारलं.

"येतो की. पन खांदा जरा वाकडा हुईल."

"हुंदे."

खरं सांगू? बहिणीचं कौतुक होतंच. पण मला दादा चौकात हाराशिवाय पाहिजे होता. तेराव्यानंतर तो पहिला फ्लेक्स मीच उतरवला होता.

रात्री चौक सामसूम झाल्यावर फ्लेक्स लागला. वर दादा, मधोमध सोनाली. तिचा फोटो कुठला, तर स्नेहसंमेलनातला. नऊवारी, नथ, सगळं. आहे तो फोटो दिला.

उजाडता उजाडता, चौकात कुणी यायच्या आत, शिंदे सर आले. हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं.

"गणेश, त्या कागदावर काय लिहिलं हुतं?"

"सही कुठं करायची ते."

"टीव्हीवर दाखवीपर्यंत निकाल कुणाला सांगायचा न्हाई, असं लिहिलं हुतं. सांगितला तर संघ बाद. तीन पोरी हायेत, बाबा, एकटी तुझी बहीण न्हाई. उतरव ते."

उतरवायला शिडीवर चढलो. दादाच्या फोटोपर्यंत हात गेला आणि थांबला. दुसऱ्यांदा उतरवायचं जमेना. मग मी डोकं चालवलं. ते चालवायला नको होतं. 'प्रश्नमंजूषा विजेती' एवढ्याच शब्दांवर पांढरा कागद डकवला आणि खाली आलो. राहिलं काय? 'कु. सोनाली हिचे हार्दिक अभिनंदन.' नथीसकट.

पहिला माणूस थांबला. "गणू, कशाचं रं अभिनंदन?"

"आत्ता सांगता येत न्हाई, तात्या. महिन्याभरात कळंल."

आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. घरात माणूस गेलं की लग्नकार्य वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. तात्यांनी एकदा दादाकडे पाहिलं, एकदा नथीकडे पाहिलं आणि हिशेब केला. दुपारपर्यंत गावानं लग्न ठरवलं. पिठाच्या गिरणीवर आईला बायकांनी घेरलं, "जावई काय करतो?" सरांनी तिलाही गप्प राहायला सांगितलेलं. ती म्हणाली, "अजून कायबी ठरलं न्हाई." ठरलेल्या पोरीची आई दुसरं काय म्हणते?

सोनाली शाळेतून आली ती दप्तर आपटतच. "गण्या, वर्गातल्या पोरी विचारतात, हळद कधी!"

तिसऱ्या दिवशी ग्रामसेवक भाऊसाहेब दारात. बालविवाह थांबवणं त्यांच्याच कामात येतं. बरोबर पोलीसपाटील.

"मुलीचं वय काय?"

"पंधरा."

"मग हे अभिनंदन कशाचं?"

खरं सांगावं तर संघ बाद. पोलीसपाटलांना सांगितलेली गोष्ट गावात दवंडीच्या आधी पोचते. न सांगावं तर केस. सोनाली दाराआडून माझ्याकडे बघत होती. दादा गेल्यापासून तिनं हा एकच हट्ट धरला होता, फायनल खेळायचा.

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "तिनं मला दहावीला बसवलं, म्हणून अभिनंदन."

"तुला?" पोलीसपाटील म्हणाले.

"व्हय. सतरा नंबरचा फॉर्म भरतोय. बाहेरून."

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. "कुणाकडे भरतोयस?"

"शिंदे सरांकडं."

त्यांनी तिथल्या तिथं सरांना फोन लावला, तोही स्पीकरवर. सर आधी खोकले. मग म्हणाले, "व्हय व्हय, भाऊसाहेब. उद्याच भरतोय त्याचा. कागदपत्रं घेऊन दहाला ये म्हणावं."

भाऊसाहेबांना एवढा आनंद झाला, की दुसऱ्या दिवशी तेच मला गाडीवर बसवून शाळेत घेऊन गेले. फॉर्म भरून झाला, माझी सही झाली. ह्याही वेळी वाचलं नाही.

महिन्यानं कार्यक्रम लागला आणि सगळ्या गावाला खरं कळलं. फायनलही झाली. पोरींचा दुसरा नंबर आला. मी सरांना म्हणालो, "आता माझा फॉर्म रद्द करा."

"आधी फायनल टीव्हीवर बघ," सर म्हणाले.

बघितली. निवेदकानं सोनालीला विचारलं, तयारी कुणी करून घेतली? ती शांतपणे म्हणाली, "माझ्या थोरल्या भावानं. तो आता नाही. दुसरा भाऊ आठवीतून सुटला होता, तो ह्या वर्षी माझ्याबरोबर दहावीला बसतोय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं पदर डोळ्याला लावला. मीही जरा बाहेर जाऊन आलो.

आल्यावर म्हणालो, "सोने, एवढ्या लोकांपुढं खोटं बोललीस?"

"फॉर्म भरलाय का न्हाई? मग खोटं कसं?"

आमच्या वर्कशॉपच्या मालकांनीही तो कार्यक्रम पाहिला. आता पाच वाजले की ते हातातलं काम काढून घेतात आणि पुस्तक देतात. महिना झाला. एक पान अगदी चोख पाठ झालंय. परवा सोनालीला घडाघडा म्हणूनही दाखवलं.

ती म्हणाली, "गण्या, ही प्रतिज्ञा हाय. धडे पुढच्या पानापासून हायेत."